४ × २ × दीड फुटाची मरीन टाकी: वापरून झालेलं मत

ठाण्यात ऑर्डर देऊन काचेची टाकी बनवून घेतली, तिच्याबद्दल लिहिते आहे. लांबी ४ फूट, रुंदी २ फूट, उंची दीड फूट, काच १० एमएमची, खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी. खाऱ्या पाण्यातले मासे पहिल्यांदा पाळणाऱ्याने हेच माप घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

दुकानांत नवख्याला आधी २ फुटी टाकी दाखवतात. २ × १ × १ म्हणजे जेमतेम ५६ लिटर पाणी. गप्पींना ती पुरते, पण समुद्री माशांचं गणित वेगळं. पाणी उडून जातं, मीठ मात्र टाकीतच राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातलं २ लिटर पाणी उडालं की लिटरमागे ३५ ग्रॅम असलेला खारटपणा ३६ च्या वर जातो. माझ्या टाकीत पाणी भरतं साधारण ३४० लिटर. तिथे २ लिटर उडाल्याचा फरक मीटरवर जेमतेम दिसतो. शिवाय खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि ८.२ च्या आसपासच्या पीएचला माशांच्या घाणीतून आणि कुजण्यातून होणारा अमोनिया जास्त जहाल होतो. दगडामागे एखादा मासा मरून पडला तर मोठी टाकी आपल्याला सावरायला वेळ देते. लहान टाकी सकाळपर्यंतही थांबत नाही.

उंचीचा मोह टाळा. २ फूट उंच टाकी हॉलमध्ये देखणी दिसते, हे खरं. पण मासा आडवा पोहतो, आणि हवा पाण्यात मिसळते ती वरच्या पृष्ठभागातून. उंची वाढवली तरी तो ८ चौरस फूटच राहतो. दीड फुटात माझा हात तळाच्या वाळूपर्यंत पोचतो, हा रोजचा फायदा तर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. २ फूट रुंदीमुळे दगड मधोमध रचता आले. माशांना मागून फिरायला वाट राहिली आणि भांडण झालं तर लपायला जागाही.

दगड कोरडे किंवा सिरॅमिकचेच घ्या. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळाचा तुकडा कुणी स्वस्तात देऊ केला तरी घरात आणू नका.

मासे कोणते? क्लाउनफिशची जोडी, फायरफिश आणि एक क्लीनर कोळंबी या टाकीत मजेत आहेत. पिवळ्या टँगसाठी ४ फूट ही माझ्या मते खालची मर्यादा. निळा टँग मात्र यात ठेवू नये, मग दुकानदार काहीही सांगो. विकताना तो २ इंचांचा असतो, वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो. त्याला निदान ६ फुटी टाकी हवी. मासा निवडताना दुकानातला आकार बघू नका, पूर्ण वाढीची लांबी विचारा आणि त्यावरून टाकी ठरवा.

आता वजन. नुसतं पाणीच सुमारे ३५० किलो, काच ६० च्या घरात, वर दगड, वाळू, स्टँड, सम्प. अर्धा टन सहज होतो. आमचे भाऊजी सिव्हिल इंजिनिअर आहेत. राहत्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतः येऊन खालून बीम गेलेल्या भिंतीलगत स्टँड लावून दिलं. जुन्या इमारतीत राहत असाल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

काम एकंदरीत चोख आहे. सांध्यांचं सिलिकॉन एकसारखं बसलंय, कुठे गळती नाही. स्टँडवर फोमची शीट त्यांनी न सांगता घातली. तक्रार आहे ती ओव्हरफ्लोच्या (वरचं पाणी खाली सम्पमध्ये सोडणाऱ्या कप्प्याच्या) दातेरी कडेची. फटी इतक्या रुंद ठेवल्या आहेत की बारीक मासा थेट सम्पमध्ये जाईल. मला आतून प्लॅस्टिकची जाळी बसवावी लागली. वरचं झाकणही मिळत नाही आणि फायरफिश उड्या मारतो. ऑर्डर देतानाच फटी अरुंद हव्यात असं लिहून द्या आणि जाळीचं झाकण त्याच मापात करून मागा.