कूलप्रॉप: अमोनिया प्लांटवर वापरल्यानंतरचा अनुभव

तासगावजवळच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा अमोनिया प्लांट माझ्याकडे आहे. गेल्या हंगामापासून अमोनियाचे छापील तक्ते बाजूला ठेवून सगळी आकडेमोड कूलप्रॉपवर करतोय; हे द्रव-वायूंचे गुणधर्म काढून देणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट, मुक्त स्रोत, शंभरावर द्रव-वायूंची माहिती, आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. पायथॉनमधून प्रॉप्सएसआय या एकाच फंक्शनवर माझं बहुतेक काम भागतं. एक्सेलमध्येही चालतं, पण तिथे बसवताना डोकं उठतं.

सगळ्यात जपायचं ते दाबाला. कूलप्रॉपला निरपेक्ष दाब (गेजवरचा अधिक हवेचा) लागतो, तोही पास्कलमध्ये, आणि तापमान केल्विनमध्ये. सक्शन गेजवर (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या वायूचा दाब दाखवणाऱ्या) 2 बार दिसले आणि तेच टाकले, तर अमोनियाचा उत्कलनबिंदू उणे 19 अंश येतो. हवेचा दाब मिळवला की खरा आकडा उणे 10 च्या आसपास निघतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच, त्यामुळे इथे 1.013 नव्हे, 0.95 बार मिळवायचे. फरक अर्ध्या अंशाचा, पण सुपरहीट (वाफ उत्कलनबिंदूच्या किती वर तापली आहे ते) काढताना तेवढाही महत्त्वाचा.

खरा उपयोग झाला कंडेन्सरवर. हेड प्रेशर, म्हणजे कंडेन्सरकडचा दाब, चढंच राहायचं. कॉम्प्रेसर बंद ठेवून पाणी फिरवत राहिलो आणि तापमान 30 अंशांवर स्थिरावू दिलं. त्या तापमानाला अमोनियाचा संपृक्त दाब (द्रव आणि वाफ एकत्र असतानाचा) 11.67 बार, म्हणजे आमच्या गेजवर 10.7 दिसायला हवेत. दिसत होते 12. वरचा दाब आत अडकलेल्या हवेचा. पर्ज केल्यावर, म्हणजे ती हवा बाहेर सोडल्यावर, काटा जागेवर आला. हे तक्त्यावरूनही जमतं, मान्य. पण कूलप्रॉपमुळे कुठल्याही तापमानाचा आकडा जागच्या जागी मिळतो, दोन ओळींमधलं गणित करत बसावं लागत नाही.

नवख्यांना दोन गोष्टी अडतात. उकळत्या अवस्थेत तापमान आणि दाब एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून ही जोडी दिली की एरर येते. तिथे दाबासोबत वाफेचा अंश द्यायचा: शून्य म्हणजे पूर्ण द्रव, एक म्हणजे पूर्ण वाफ. दुसरं, एन्थाल्पीचा (दर किलोमागच्या उष्णता-ऊर्जेचा) आकडा भिंतीवरच्या चार्टशी जुळला नाही म्हणून घाबरू नका. कुणी शून्य उणे 40 अंशांना धरतं, कुणी 0 अंशाच्या द्रवाला 200 किलोज्यूल देतं. फरक घेताना तो आकडा उडून जातो; फक्त एकाच गणितात दोन्हीकडचे आकडे मिसळू नका.

कॉम्प्रेसरचं थोडं तेल अमोनियासोबत वाहून जातं, त्याचा हिशोब यात धरलेला नाही. साखर कारखान्यात वाफेसाठी वापरणार असाल तर त्यातला आयएफ97 (पाणी-वाफेसाठीची आंतरराष्ट्रीय सूत्रं) पर्याय निवडा. वाफेच्या गणितांना तो बराच वेगवान आहे.