व्यसनमुक्ती: भरती व्हायचं की ओपीडीत जायचं?

रोजची भरपूर दारू असेल, तर आधी निवासी केंद्र बघा. एकाएकी सोडल्यावर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, पुढे फिट येऊ शकते, 48 ते 72 तासांच्या सुमारास माणूस बरळूही लागतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून रात्री डॉक्टर हजर असतो का, हे फोनवरच विचारा. ‘लागलं तर बोलावतो’ हे उत्तर चालणार नाही.

ओपीडीत नोकरी टिकते, खर्चही कमी. घरातच बाटली असेल तर मात्र कठीण.

हेरॉइनसाठी मी ओपीडीकडे झुकेन: ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे हेरॉइनची ओढ कमी करणारं औषध, दीर्घकाळ चालू ठेवता येतं. नुसतं कोंडून सोडून दिलं, तर शरीराची सहनशक्ती घटलेली असते, जुनाच डोस जीव घेऊ शकतो.

‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणारे दोन्हीकडचे बाद.