उतारावरच्या हलक्या जमिनीचं काय करायचं? लागवड, राखण की वनशेती

गावाच्या जमीनवापराचा आराखडा करताना बहुतेक जागांचा निकाल पटकन लागतो. सखल, खोल मातीची जमीन पिकाखाली राहते आणि ओढ्याचा काठ मोकळा सोडायचा हेही सहसा पटतं. गाडी अडते ती उतारावरच्या हलक्या जमिनीपाशी. तिथे पीक परवडत नाही, दर पावसाळ्यात माती वाहून जाते आणि बऱ्याच तुकड्यांवर नांगर फिरणं थांबलेलं असतं. अशा जागेसाठी तीन पर्याय पुढे येतात: रोपं लावून जंगल करायचं, जमीन राखून आपसूक उगवेल ते वाढू द्यायचं, किंवा शेती चालू ठेवून तिच्यातच झाडं आणायची. पहिला पर्याय सर्वांत जास्त वेळा निवडला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी तपासावा.

आधी नकाशाबद्दल. अमेरिकेच्या कृषी खात्याची जमीन-क्षमता वर्गवारी जमिनीचे आठ वर्ग पाडते. त्यांतले पहिले चार नांगराखाली चालतात, पुढचे सहसा नाही. म्हणजे काय करू नये ते कळतं, काय करावं ते फारसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1976 मध्ये मांडलेली चौकट वेगळा प्रश्न विचारते: ही जमीन कोणत्या वापरासाठी योग्य? एकच उतार ज्वारीला अयोग्य आणि चाऱ्याला उत्तम ठरू शकतो. आराखडा करणाऱ्यांकडे हा दुसरा नकाशा मागा. आणि त्यावर ‘पडीक’ लिहिलेल्या प्रत्येक तुकड्यावर आज कुणाची जनावरं चरतात, सरपण कोण नेतं, हे स्वतः फिरून नोंदवा. बहुतेक पडीक जमीन नकाशावरच रिकामी असते.

रोपलागवड

हिचं बळ म्हणजे ती मोजता येते. इतके खड्डे, इतकी रोपं, इतका निधी. माती अगदी उघडी पडली असेल आणि मूळ झाडोऱ्याचा मागमूस नसेल, तर लागवडीला पर्यायही नसतो. चीनने 1999 पासून तीव्र उतारांवरची शेती बंद करून तिथे झाडं आणि गवत आणायला सुरुवात केली. त्या मोबदल्यात शेतकऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम दिली. मुदत वापरानुसार ठरवली होती: गवताला 2 वर्षं, उत्पन्न देणाऱ्या झाडांना 5, निव्वळ संवर्धनाच्या जंगलाला 8. पुढे ती वाढवावी लागली. यातला धडा झाडांइतकाच पैशाचा आहे. जमीन उत्पन्न देईपर्यंतची वर्षं कुणाच्या खिशातून जाणार, हे ठरलं नसेल तर रोपं लावण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण पाण्याची. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभरातल्या 26 पाणलोटांच्या नोंदींवर आधारलेल्या विश्लेषणात असं दिसलं, की गवताळ जमिनीवर झाडं लावल्यावर तिथून ओढ्यांत येणारा वार्षिक प्रवाह सरासरी 44 टक्क्यांनी घटतो. निलगिरीमुळे होणारी घट पाइनपेक्षाही जास्त होती. खाली विहिरी आणि ओढ्यावर जगणारी वस्ती असेल, तर हा आकडा बैठकीत आधी मांडायला हवा.

राखण

खर्च सर्वांत कमी, पण भांडणं सर्वांत जास्त. टांझानियातल्या शिन्यांगा भागात जनावरांत रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या बंदोबस्तासाठी आणि कापसासाठी जंगल तोडलं गेलं होतं. तिथे 1986 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाने नवा उपाय शोधला नाही, जुनी रीत उचलली: पावसाळ्यात कुरण बंद, कोरड्या दिवसांच्या अखेरीस खुलं. ‘न्गितिली’ म्हणतात त्या या राखीव कुरणांखाली पुढे काही लाख हेक्टर जमीन आली. कायमच्या चराईबंदीपेक्षा ही हंगामी बंदी टिकते, कारण जनावरं असलेल्या घरालाही तिच्यातून चारा मिळतो.

मात्र राखण सगळीकडे फळत नाही. जमिनीत जिवंत बुंधे, मुळं किंवा जवळपास बीज पुरवणारी झाडं असतील तरच झाडोरा परततो. माती खडकापर्यंत धुपली असेल तर केवळ कुंपणाने काही होत नाही.

वनशेती

नायजर देशातलं उदाहरण राखण आणि वनशेती यांच्या सीमेवरचं आहे. 1980 च्या दशकात माराडी भागात शेतकरी पेरणीआधी तोडून टाकत असलेले बुंध्यांचे फुटवे निवडून वाढवायला लागले. सुमारे 50 लाख हेक्टर शेतजमिनीवर त्यातून झाडं उभी राहिली, जवळपास रोपं न लावता. झाड सरकारचं, हा जुना समज प्रत्यक्षात सैल झाला, तेव्हा हे पसरलं. तिथला एक बाभूळवर्गीय वृक्ष पावसाळ्यातच पानं गाळतो, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. असा जोडीदार सगळीकडे मिळत नाही.

वनशेतीची खरी किंमत मजुरीत असते. नायजेरियातल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने झाडांच्या ओळींमधून पीक घेण्याची पद्धत विकसित केली. प्रयोगक्षेत्रावर ती चांगली दिसली, पण शेतकऱ्यांनी तिला फारसं जवळ केलं नाही. छाटणीचं काम नेमकं पेरणी-खुरपणीच्या घाईत येत होतं. घरात हात कमी असतील, किंवा जमीन कुळाने कसायला घेतली असेल, तर हा पर्याय कागदावर कितीही देखणा असो, जपून घ्या.

मग निवड कशी करायची

उताराचा वरचा, सर्वांत तीव्र भाग दोन पावसाळे हंगामी बंदीखाली ठेवा आणि फुटवे मोजा. पुरेसे असतील तर राखणच चालू ठेवा. लागवडीचा पैसा रिकाम्या राहिलेल्या पट्ट्यांवर, तोही स्थानिक मिश्र जातींवर खर्च करा. मधला, अजून कसला जाणारा भाग वनशेतीला द्या; तिथे माणसं रोज असतात, त्यामुळे झाडांवर लक्ष राहतं. झाड कुणाचं, तोड कोण करणार, बंदीच्या काळात ज्यांची जनावरं अडतील त्यांना चारा कुठून मिळणार, हे तीन मुद्दे पहिला खड्डा खणण्याआधी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. भूमिहीन कुटुंबं आणि सरपण आणणाऱ्या बायका त्या सभेला नसतील, तर सभा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा.