फाइल सीडीआर, आत मात्र जेपीजी

ढोल-ताशा पथकाच्या टी-शर्टवर एका दिवंगत वादकाचा चेहरा छापायचा होता. ठरलं ते असं: फोटोवरून हाताने काढलेलं व्हेक्टर चित्र (ठिपक्यांऐवजी रेघा-आकारांचं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं), तीन रंगांत, 1800 रुपयांना. निम्मे आधी, निम्मे फाइल आल्यावर. सीडीआर (कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल) आली, सोबत एसव्हीजी ही दुसरी व्हेक्टर फाइलही आली, मोबाइलवर चित्र झकास दिसलं आणि उरलेले पैसे लगेच गेले. दुसऱ्या दिवशी स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने फाइल उघडली आणि विचारलं, "ह्याची फिल्म कशी काढू?"

भोवतीचं गोल वर्तुळ, चांदण्या आणि खालची पट्टी खरोखर व्हेक्टर होती. चेहरा मात्र पॉवरक्लिपमध्ये (कोरलमध्ये एखाद्या आकाराच्या आत चित्र बसवायची सोय) कोंबलेला फोटो, वर एक कार्टून फिल्टर मारलेला. कोरलमध्ये एक्स्ट्रॅक्ट कंटेंट्स करून तो बाहेर काढला की खालच्या स्टेटस बारवर 'कर्व्ह' (रेघेचा आकार) न येता 'बिटमॅप' (ठिपक्यांचं चित्र) येतं आणि पुढे डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, तो आकडा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला 640 पिक्सेल रुंदीचा फोटो 10 इंच केला की 64 डीपीआय. कुणी तो रिसॅम्पल करून, म्हणजे सॉफ्टवेअरकडून ठिपके वाढवून, 300 दाखवतो, पण आकडा वाढला म्हणून नाकाची कड सुधारत नाही.

एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावामागचं शेपूट, हा पुरावा नव्हे. सीडीआर, एआय, पीडीएफ, एसव्हीजी या सगळ्यांच्या पोटात फोटो राहू शकतो. सॉफ्टवेअर नसेल तर एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडा आणि 'इमेज' हा शब्द इंग्रजीत टाकून शोधा. पुढे 'बेस 64' आणि अक्षरांचा न संपणारा लगदा दिसला तर तो फोटोच. इंकस्केप हे व्हेक्टरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातही हे तपासता येतं.

ही झाली ढोबळ फसवणूक. दुसरी जास्त चालते आणि सहजी पकडली जात नाही: ऑटो-ट्रेस करून, म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरकडूनच रेघा काढून घेऊन, 'हाताने ड्रॉ केलंय' म्हणून विकणं. "झूम करून बघा, फाटलं नाही म्हणजे व्हेक्टर" हा सल्ला इथे कुचकामी, कारण ऑटो-ट्रेसही फाटत नाही. तो खरोखर व्हेक्टरच असतो, फक्त वाईट.

बघायचं ते वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग लपवून नुसत्या रेघा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये. कोरलमध्ये व्ह्यू मेन्यूत वायरफ्रेम, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय. जाणत्या हाताने कानापासून हनुवटीपर्यंत जबड्याची रेघ काढली तर चार-पाच नोड (रेघ धरून ठेवणारे बिंदू) लागतात, तेही वळण जिथे सर्वांत बाहेर येतं तिथे. ऑटो-ट्रेसमध्ये त्याच रेघेवर मुंग्यांची रांग लागल्यासारखे नोड दिसतात. सॉफ्टवेअरला नाक आणि मिशी कळत नाही, त्याला फक्त गडद आणि फिकट कळतं. म्हणून नाकाखालची सावली मिशीत मिसळते, बुबुळातला पांढरा ठिपका गायब होतो आणि गालावर नकाशातल्या बेटांसारखे तुकडे पडतात. जेपीजी 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबली जाते. फोटो जास्त दाबलेला असेल तर त्या चौकोनांच्या पायऱ्याही इमानेइतबारे ट्रेस होतात.

छपाईला याचा थेट फटका बसतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फिल्म (जिच्यावरून स्क्रीन बनते ती पारदर्शक पट्टी) आणि वेगळी स्क्रीन लागते. तीन रंग ठरले आणि फाइलमध्ये चाळीस छटा निघाल्या तर सेपरेशन (रंग वेगवेगळे काढणं) होतच नाही, चित्र नव्याने काढावं लागतं. बारीक ठिपके स्क्रीनच्या जाळीवर टिकत नाहीत. व्हिनाइल (स्टिकरचा प्लास्टिक कागद) कापताना प्लॉटर या कापणाऱ्या मशीनची सुरी प्रत्येक चिमुकल्या बेटाभोवती फिरते आणि ते तुकडे उचकटून येतात.

ट्रेस करणं हा गुन्हा नाही. सपाट दोन रंगांचा स्वच्छ लोगो असेल तर ट्रेस करून नोड आवरले की काम भागतं. चेहऱ्याला मात्र फोटो खालच्या लेयरवर लॉक करून, फिका करून, वर पेन टूलने रेघ, सावली, केस असे वेगळे लेयर काढावे लागतात. यात काही तास जातात. फोटो पाठवल्यावर वीस मिनिटांत 'तयार' असा मेसेज आला तर काय झालंय ते उघड आहे.

म्हणून ऑर्डर देतानाच लिहून घ्या: किती रंग, चेहरा ऑटो-ट्रेस नको, फाइलमध्ये एकही बिटमॅप नको, फोटो बाजूला काढलेली लेयरवाली मूळ फाइल हवी. उरलेले पैसे देण्याआधी डोळ्यांच्या भागाचा वायरफ्रेममधला स्क्रीनशॉट मागा. ज्याने खरंच काढलंय त्याला तो द्यायला मिनिटही लागत नाही.

त्या सीडीआरमध्ये आणखी एक घोळ होता. पथकाचं नाव कर्व्ह केलेलंच नव्हतं, म्हणजे अक्षरांचे रेघांचे आकार बनवलेच नव्हते. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेला मजकूर, छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नाही, त्यामुळे पट्टीवर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा उमटला. कंट्रोल-क्यू दाबून मजकूर कर्व्ह करायचा एवढंच काम होतं. मात्र त्याआधी मात्रा, वेलांट्या वाचून घ्यायला हव्यात. कर्व्ह झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ टाइप करून सुधारता येत नाही.