तिकीटविक्रीचा प्लॅटफॉर्म नऊ महिने वापरल्यावर: एका लहान आयोजकाचा अनुभव

आम्ही तिघी मिळून मैफली भरवतो. पूर्वी तिकिटं फोनवर आणि दारावर विकायचो, हिशेब वहीत. गेल्या नऊ महिन्यांत अकरा कार्यक्रमांची तिकिटं एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून विकली. घ्यावा का, असं ओळखीचे आयोजक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच आमची एक समजूत चुकली. करार झाला, पान तयार झालं, म्हणजे आता तिकिटं तेच विकतील असं आम्ही धरून चाललो होतो. सहाशे खुर्च्यांच्या सभागृहाची दहा दिवसांत जेमतेम चाळीस तिकिटं गेली. फोन केला तर पलीकडच्या मुलाने अगदी सरळ विचारलं, “मॅडम, जाहिरात कधी सुरू करताय?” लोकांना यावंसं वाटायला लावणं हे आमचं काम होतं. ज्याला यायचंय त्याच्याकडून पैसे घेऊन त्याला जागा देणं हे त्यांचं.

आयोजक कलाकाराला मानधनाचा शब्द देतो, सभागृह, साउंड, लाइट, परवानग्या, जाहिरात असा सगळा खर्च आधी उचलतो. मोठ्या दौऱ्यांत ठरलेली किमान रक्कम किंवा खर्च वजा जाता उरलेल्या पैशांतला मोठा वाटा, यांतलं जे जास्त असेल ते कलाकाराला मिळतं. तो वाटा बऱ्याचदा 85 टक्के असतो, आयोजकाकडे उरतात 15. आमचा व्यवहार लहान, पण गणित तेच. तीन चतुर्थांश खुर्च्या भरेपर्यंत आम्ही फक्त खर्च भरून काढत असतो, कमाई शेवटच्या रांगांत असते. प्लॅटफॉर्मला मात्र पहिल्या तिकिटावर जेवढी फी मिळते तेवढीच शेवटच्या तिकिटावर. सभागृह रिकामं राहिलं तर त्यांची कमाई कमी होते, आमचं घर हलतं.

पैशाचं सांगायलाच हवं, कारण इथेच आम्ही अडकलो. विक्रीची रक्कम कार्यक्रम होईपर्यंत त्यांच्याकडे राहते आणि नंतर काही दिवसांनी आपल्या खात्यात येते. तिसऱ्या कार्यक्रमाला विक्री उत्तम होती, आकडा स्क्रीनवर दिसत होता आणि साउंडवाल्याला ॲडव्हान्स द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. उसने घेतले. तेव्हा फार राग आला होता. सहाव्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गायिकेचा घसा बसला, तारीख पुढे ढकलली आणि ज्यांनी ज्यांनी पैसे परत मागितले त्यांना ते चार दिवसांत मिळाले. ते पैसे आधीच आमच्या हातात आले असते तर खर्च होऊन गेले असते, हे मी मनापासून मान्य करते. तिकिटावर प्रेक्षकांकडून घेतलेली फी मात्र कुणालाच परत मिळाली नाही आणि त्याबद्दलचे सगळे संतापलेले फोन आमच्याकडे आले.

ही फी सगळी तिकीट कंपनीच्या खिशात जाते असं प्रेक्षकांना वाटतं. तसं क्वचितच असतं. अमेरिकेत 1976 साली सुरू झालेल्या तिकीटमास्टर या तिकीट कंपनीची सूत्रं 1982 मध्ये फ्रेड रोझेन यांच्याकडे आली. त्यांनी सभागृहांशी फक्त आपल्याकडूनच तिकिटं विकण्याचे करार केले आणि प्रेक्षकांकडून घेतलेल्या फीतला वाटा सभागृहांना दिला. आजही अनेक ठिकाणी फी अशीच वाटली जाते, पण बिलावर नाव एकाच कंपनीचं दिसतं.

त्यामुळे तिकीट कोण विकणार हे बऱ्याचदा आयोजक ठरवतच नाही, सभागृह ठरवतं. अकराव्यानंतरचे दोन कार्यक्रम आम्हाला या प्लॅटफॉर्मवर घेताच आले नाहीत, कारण त्या सभागृहांचा करार दुसरीकडे होता. मोठ्यांचंही हेच होतं. पॉप गायिका टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ दौऱ्याच्या अमेरिकेतल्या आयोजनात एईजी ही मोठी आयोजक कंपनी होती आणि एईजीची स्वतःची तिकीट कंपनी आहे, एएक्सएस. तरी बहुतेक स्टेडियमची तिकिटं तिकीटमास्टरवरच विकावी लागली. नोव्हेंबर 2022 मध्ये पूर्वविक्रीच्या एकाच दिवशी वीस लाखांहून जास्त तिकिटं गेली, यंत्रणा कोलमडली आणि सर्वांसाठीची विक्री रद्द झाली.

त्यातली मला जास्त खुपणारी गोष्ट वेगळी आहे. तिकीटमास्टर 2010 पासून लाइव्ह नेशन या आयोजक कंपनीत विलीन झालेली आहे. म्हणजे एईजीच्या कार्यक्रमाला किती आणि कुठून मागणी आहे, हे तिच्या सर्वांत मोठ्या स्पर्धकाच्या घरात दिसत होतं. या एकत्रीकरणाविरुद्ध अमेरिकेच्या न्याय विभागाने मे 2024 मध्ये खटला भरला. हे वाचताना मला आमचंच आठवलं. आमच्या प्लॅटफॉर्मनेही यंदा स्वतःच्या मैफली सुरू केल्या आहेत. कोणता गायक, कोणता वार, किती दराची तिकिटं आधी संपतात, हे आम्ही पदरचे पैसे घालून शिकलो आणि ते सगळं त्यांच्या स्क्रीनवर आयतं आहे. आम्हाला मात्र आमच्याच प्रेक्षकांची फक्त नावं आणि खुर्च्यांचे क्रमांक मिळत होते, फोन नंबर नाही. एकदा तर आमचा कार्यक्रम संपला त्या रात्रीच आमच्या प्रेक्षकांना त्यांच्या मैफलीची जाहिरात गेली.

दारावर मात्र त्यांचं काम चोख आहे. क्यूआर कोड स्कॅन करून साडेपाचशे माणसं अर्ध्या-पाऊण तासात आत जातात. सभागृहात नेट गेलं तरी स्कॅनिंग चालतं. एकाच तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन दोन कुटुंबं आली तेव्हा दुसरा कोड लगेच लाल झाला. साउंडच्या टेबलामागच्या, खांबाआडच्या खुर्च्या आधी अडवून ठेवता येतात आणि मंच लागल्यावर, दिसतंय याची खात्री झाली की विक्रीला सोडता येतात. रोजच्या विक्रीचा आलेख तर मी आता सकाळी चहाआधी बघते. पहिले दोन दिवस उसळी, मग मोठी शांतता, शेवटच्या आठवड्यात पुन्हा गर्दी, असं जवळपास प्रत्येक वेळी झालं. आता जाहिरातीचे पैसे त्या मधल्या शांततेत उधळत नाही.

करार एका वर्षासाठी वाढवला आहे. सहीआधी दोन आठवडे भांडून दोन कलमं बदलून घेतली. विक्रीच्या तीस टक्के रक्कम कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी आमच्या खात्यात येईल, रद्द झाल्यास ती परत करायची हमी आमची. आणि तिकीट घेताना प्रेक्षकाने संमतीची खूण केली तर त्याचा नंबर आम्हालाही मिळेल. त्यांच्या स्वतःच्या मैफलींच्या विभागाला आमचे विक्रीचे आकडे दाखवू नयेत, हे तिसरं कलम त्यांनी मानलं नाही. त्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहोत.