बाबांच्या मानेच्या नसेचं ऑपरेशन, आमचा अनुभव

बाबा ७१ वर्षांचे, सकाळी चहा घेताना उजवा हात एकदम लुळा पडला न् कप खाली, दहा मिनिटांत परत ठीक, म्हणे झोपेत अवघडला असेल. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी काही ऐकलं नाही, त्याच दिवशी डॉपलर (नसेतलं रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी) करायला लावलं, मानेतली डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी नस, ८५ टक्के बंद!

हॉस्पिटलचे व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन एक नंबर. सरळ सांगितलं, लक्षण दिसलंय आणि ब्लॉक ७० च्या वर आहे तर दोन आठवड्यांच्या आत करून टाकू, स्टेंटही टाकता येतो, त्यात कचरा मेंदूकडे जाऊ नये म्हणून छत्रीसारखा फिल्टर लावतात, पण या वयात नस उघडून साफ केलेली बरी. करतानाच स्ट्रोक येऊ शकतो हेही लपवलं नाही.

भूल फक्त मानेला. बाबा जागे आणि उजव्या हातात दाबलं की चूं चूं वाजणारं रबरी बदक! नस चिमट्याने बंद (क्लॅम्प) केल्यावर बदक वाजतंय म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय, थांबलं तर लगेच शंट, म्हणजे रक्त चालू ठेवणारी तात्पुरती नळी, टाकायचा. बाबा अजून ती नक्कल करून दाखवतात. रात्रभर आयसीयूत बीपीवर डोळा, कारण वाढलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. जबड्याखाली थोडं बधिर आहे अजून, बाकी मस्त.

एक स्टार कापला तो बिलिंगसाठी. कॅशलेस असूनही डिस्चार्जला सहा तास बसवून ठेवलं, वर पार्किंगचे पैसे वेगळे.