सांडपाणी प्रकल्पासाठी काथ्याचा बायोफिल्टर: जळगावच्या उन्हाळ्यात कसा चालला?

केळी आणि आंब्याचा गर काढणाऱ्या आमच्या कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर बायोफिल्टर, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने हवेतली दुर्गंधी काढणारा गाळणथर, बसवल्यानंतर एक पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा उलटून गेला आहे, त्यामुळे आता त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल.

दुर्गंधीचे मूळ एअरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडली जाते त्या टाकीत, नव्हते. ते त्याआधीच्या इक्वलायझेशन टँकमध्ये (येणारे पाणी साठवून एकसारखे करणाऱ्या टाकीत) आणि गाळाच्या खड्ड्यात होते. साखरयुक्त पाणी हवेविना साचले की ते आंबते, आणि पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू तयार करतात. पाणी जितके आम्लधर्मी, तितका हा वायू पाण्याबाहेर अधिक पडतो. दहा लाखांत एका भागाचा शंभरावा हिस्सा असला तरी तो नाकाला जाणवतो. मात्र प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. म्हणून ऑपरेटरने ‘आता वास येत नाही’ असे सांगितले तरी वायू मोजणारा मीटर पाहिल्याशिवाय टाकीत उतरू देऊ नये.

आधी आम्ही कुंपणालगत सुगंधी द्रावणाचे फवारे लावले होते. त्यांनी एवढेच साधले, की शेजारच्या वसाहतीला सडक्या अंड्यांसोबत लिंबाचाही वास येऊ लागला.

बायोफिल्टरमध्ये झाकलेल्या टाकीतली हवा ब्लोअरने ओढून नारळाचा काथ्या आणि लाकडाच्या ढलप्या यांच्या सुमारे मीटरभर जाडीच्या थरातून सोडली जाते, आणि त्यावर वाढलेले जिवाणू दुर्गंधी वायू खाऊन टाकतात. टाकीवरचे झाकण घट्ट नसेल तर हा सगळा खर्च वाया जातो. आमच्याकडे पाइपच्या खाचेजवळ उरलेली बोटभर फटसुद्धा वाऱ्याच्या दिशेला कळत होती. ती बुजवल्यावर फाटकापाशी येणारा वास जवळजवळ थांबला.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पुरवठादाराने दिवसातून दोनदा पाणी शिंपडणारा टायमर दिला होता, जो कोकणात कदाचित पुरेसा ठरला असता. खान्देशातल्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या वाऱ्यात मात्र वरचा थर सुकला, त्याला भेगा पडल्या आणि हवा त्या भेगांतूनच निसटू लागली. काथ्या मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब सुटला पाहिजे. आमच्या हातात नुसता भुगा येत होता. शेवटी ब्लोअर आणि थर यांच्या मध्ये हवा ओलावणारी फवाऱ्याची पेटी आम्हीच बसवून घेतली. तिला प्रक्रिया केलेले पाणी चालते, पण ते क्लोरीन टाकण्यापूर्वीच घ्यावे, नाहीतर थरातले जिवाणूच मरतात. तळाशी झिरपणारे पाणी, जिवाणूंनी हायड्रोजन सल्फाइडपासून बनवलेल्या सल्फ्युरिक आम्लामुळे, आम्लधर्मी असते. तेथे साधे काँक्रीट टिकत नाही, हेही मागणी नोंदवण्याआधी विचारात घ्यावे.

उपकरणाबद्दल माझे मत चांगले आहे. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल तसे म्हणता येत नाही. पाहणीला आलेल्या तंत्रज्ञाने सुकलेला थर पाहून काथ्या-ढलप्यांचा सगळा भरावच बदलण्याचे दरपत्रक पुढे केले, वास्तविक असा भराव साधारण ३ ते ५ वर्षे चालतो. आम्ही ते नाकारले आणि थर हळूहळू भिजवत, उलथापालथ करत पुन्हा जिवंत केला. तोच भराव आजही चालू आहे.